धंदा विकायला काढला तेव्हा कळलं की विकण्यासारखं फारसं काही नाहीच आहे

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच एकदाचा. मागच्या महिन्यात तिघांनी विचारलं की धंदा विकायचा असेल तर तयारी कधीपासून करायची, आणि तिघांनाही मी फोनवर तासतासभर तेच ऐकवलं, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकावं, पुढच्याला लिंक पाठवता येईल.

आमचं काम कॅलिब्रेशनचं. वजनकाटे, प्रेशर गेज, थर्मामीटर बरोबर दाखवतायत का हे प्रमाणित साधनांशी ताडून बघायचं, किती चूक आहे ते सर्टिफिकेटवर लिहून द्यायचं, आणि बिघडलेलं असेल तर दुरुस्त करून द्यायचं. ऐकायला रटाळ वाटतं, थोडं आहेच, पण कारखान्यांना, औषध कंपन्यांना, लॅबना हे ठरावीक मुदतीनं करून घ्यावंच लागतं त्यामुळे काम फिरून फिरून येतं. एकोणीस वर्षं चालवलं. सुरुवातीला मी आणि एक हेल्पर, शेवटी तेवीस माणसं.

विकायचा पहिला प्रयत्न फसला. आमच्याच लाइनमधली एक मोठी कंपनी आली होती, नाव नाही घेत. मी जोरात होतो, मस्त प्रेझेंटेशन वगैरे करून ठेवलेलं. समोरचा माणूस शांतपणे ऐकून म्हणाला, तुम्ही महिनाभर फोन बंद ठेवलात तर काय होईल? मी हसून म्हणालो, महिना कशाला, आठवड्यात सगळं ठप्प होईल! आणि हे मी अभिमानानं सांगत होतो बरं का, छाती काढून. मग त्यानं विचारलं सर्टिफिकेटवर सही कोण करतं. म्हटलं मीच. सगळ्यात मोठा कस्टमर विक्रीच्या किती टक्के? म्हटलं चाळीस-एक्केचाळीस. त्याच्याशी बोलणं कोण करतं? मीच, वीस वर्षांची ओळख आहे. त्यानं वही मिटली, छान बोलला, निघून गेला, आणि आठवड्यानं दोन ओळींचा मेल आला की सध्या शक्य नाही.

चार दिवस मी चिडलेलो होतो. मग बायको म्हणाली, तू त्याच्या जागी असतास तर घेतला असतास का? नसता घेतला. कारण मी गेलो की मागे उरतं काय, तर वजनांच्या पेट्या, दोन गाड्या आणि एक एक्सेल शीट जिचा पासवर्ड फक्त मला माहीत. घेणारा पैसे मोजतो ते मालक गेल्यावर जे उरणार त्याचे. आम्ही लहान धंदेवाले नेमकं उलटं करून ठेवतो, सगळं स्वतःभोवती गुंडाळून ठेवतो आणि त्यालाच माझा धंदा म्हणतो.

तिथून प्रत्यक्ष विक्रीपर्यंत साडेतीन वर्षं गेली. गंमत म्हणजे विकायसाठी जे जे केलं त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीनं धंदा आधी वाढला, म्हणजे शेवटी नसतं विकलं तरी नुकसान नव्हतंच.

पहिलं काम सहीचं. आमच्या क्षेत्रात लॅबला आयएसओ/आयईसी १७०२५ (लॅबच्या कामाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) प्रमाणे मान्यता घ्यावी लागते, आता चालू आहे ती २०१७ ची आवृत्ती, आणि कोणत्या कामाच्या सर्टिफिकेटवर कोण सही करू शकतो हे आमच्याकडे मंजूर करून घ्यावं लागायचं. एकोणीसपैकी सोळा वर्षं ती सही एकट्या माझी होती. मी आजारी पडलो की सर्टिफिकेटं थांबायची, सर्टिफिकेटं थांबली की बिलं थांबायची, बिलं थांबली की... पुढचं सांगत नाही. दोन टेक्निशियन निवडले, त्यांना मोजमापातल्या अनिश्चिततेचं गणित शिकवलं, ऑडिटरसमोर काम करून दाखवायला लावलं. चौदा महिने लागले. त्यातल्या एकाला पहिल्यांदा सही करताना इतका घाम फुटला होता की तीन वेळा वाचून चौथ्यांदा केली. आणि सांगतो, दोन वर्षांत तो माझ्यापेक्षा बारीक चुका काढायला लागला. थोडं वाईटही वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

ती एक्सेल शीट हा वेगळाच प्रकार होता. सगळी गणितं मी रात्री बसून बनवलेली, एका शीटमधून दुसरीत, तिसरीत, कुठेतरी मधेच एक आकडा हातानं टाईप केलेला आणि तो का आहे ते मलाही आठवेना. स्टँडर्ड सांगतं की असं सॉफ्टवेअर तपासून, पडताळून वापरा. आम्ही ऑडिटला कसंबसं दाखवून निभावून न्यायचो. शेवटी सरळ पैसे टाकून तयार सॉफ्टवेअर घेतलं, तीन महिने दोन्ही समांतर चालवलं, आणि तेव्हा कळलं की माझ्या शीटमध्ये एका रेंजला राउंडिंगची चूक होती. क्षुल्लक होती, मर्यादेत होती, पण समजा हीच चूक घेणाऱ्याच्या माणसांनी काढली असती तर? मग एक चूक सापडली म्हणून दहा शोधल्या असत्या.

कामाच्या पद्धती लिहून काढा असं सगळे सांगतात. मी पण काढल्या. एकशेचाळीस पानांची फाईल, मीच लिहिलेली, सुंदर बाइंडिंग. कोणीही उघडली नाही. मग आमच्याकडे शेड्यूल बघणाऱ्या ताईंनी (सगळेच त्यांना ताई म्हणायचे, मी पण) साधी युक्ती काढली, की जो माणूस एखादं काम पहिल्यांदा शिकतोय त्यानंच ते शिकता शिकता लिहायचं आणि शिकवणाऱ्यानं फक्त तपासायचं. कारण जाणकाराला वाटतं की हे काय सांगायचं, आणि नवख्याला नेमकं तेच अडतं. उदाहरणार्थ प्रमाण वजनं उघड्या हातानं उचलायची नाहीत, आणि बाहेरून आणल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं, हे मी माझ्या एकशेचाळीस पानांत लिहिलंच नव्हतं! मला ते श्वास घेण्याइतकं सवयीचं झालेलं. नव्या मुलानं पहिल्याच पानावर लिहिलं. शिवाय मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ, ते मात्र लोक खरंच बघायचे.

आता दोन नंबरचा माणूस. इथे मी मोठी चूक केली आणि ती बरेच जण करतात असं दिसतं, म्हणून जरा सविस्तर. मी बाहेरून एक मॅनेजर आणला, चांगला पगार, चांगला अनुभव. आठ महिन्यांत तो गेला. तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो की माणूसच बरोबर नव्हता. खरं काय होतं, तर तो एक निर्णय घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत मी तो फिरवलेला असायचा, कारण कोणीतरी जुना कस्टमर थेट मला फोन करायचा आणि मी हो म्हणून टाकायचो. पोरांना महिन्याभरात कळलं की मॅनेजरला विचारून काही फायदा नाही, सरळ साहेबांना विचारा. मॅनेजरची खुर्ची दिली पण फोन माझ्याच खिशात.

दुसऱ्या वेळी ताईंनाच ती जागा दिली. इंजिनिअर नाहीत, पण कोणाला कधी कुठे पाठवायचं, कोणता कस्टमर खरंच अडलाय आणि कोण नुसता आरडाओरडा करतोय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. नियम एकच केला, की ठरावीक रकमेच्या आतला कोणताही निर्णय त्यांचा, चुकला तरी त्यांचा, आणि मी तो बदलायचा नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी एका कस्टमरला अर्जंट कामाचा जादा चार्ज लावला, तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला, आणि मी दात ओठ खात म्हणालो, ताईंशी बोला. तो बोलला, कुरकुरला, भरला. त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीतरी सुटलं, कारण तो चार्ज मी दहा वर्षं लावायला घाबरत होतो.

भावावरून आठवलं. हिशोब साधा आहे पण कोणी करत नाही. समजा १०० ची विक्री, ८८ खर्च, १२ नफा. भाव फक्त ४ टक्के वाढवला आणि काम तेवढंच राहिलं तर नफा १२ चा १६ होतो, म्हणजे एक तृतीयांश वाढला. तेवढाच नफा नवीन काम आणून वाढवायचा म्हटलं तर, याच मार्जिननं, विक्री ३३ टक्क्यांनी वाढवावी लागेल, त्यासाठी माणसं, गाड्या, वजनं सगळंच वाढवावं लागेल. आम्ही सहा वर्षं भाव वाढवलेच नव्हते. वाढवले तेव्हा दोन कस्टमर सुटले आणि दोघंही असे होते की ज्यांचं पेमेंट मिळवण्यात ऑफिसचा अर्धा वेळ जायचा. मनातून मी त्यांना निरोप समारंभ केला.

वाढीबद्दल अजून एक, जे कळायला मला ठेच लागली. वाढ पैसा आणते ते नंतर, आधी ती पैसा खाते. आमचे पगार महिन्याला, गाडीचं इंधन रोजचं, आणि कस्टमरकडून पैसे यायला सरासरी ७० दिवस. वर्षाची विक्री ३६५ धरा, म्हणजे रोज १, तर कुठल्याही क्षणी ७० बाहेर अडकलेले. विक्री दुप्पट केली तर १४० अडकणार. म्हणजे नवे ७० उधारीत गेले, आणि ७३० च्या विक्रीवर १२ टक्क्यांनी त्या अख्ख्या वर्षाचा नफा होतो ८८ च्या आसपास. कागदावर रेकॉर्ड वर्ष आणि पगाराच्या तारखेला मी बँकेचं ॲप उघडून बसलेलो, असं आमचं एक वर्ष झालं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मग वार्षिक काँट्रॅक्टवाल्यांना आगाऊ पैसे भरले तर थोडी सूट अशी स्कीम काढली, बिल काम झालं त्याच दिवशी जायला लागलं (आधी महिनाअखेरीला एकदम निघायचं, का ते देवाला माहीत), आणि ७० चे ४८ दिवस झाले. नुसत्या त्या बिलाच्या तारखेनं दहाएक दिवस वाचले असतील.

मोठ्या कस्टमरचं प्रमाण कमी करणं सगळ्यात अवघड गेलं. त्याला सोडायचं तर नव्हतं. १०० पैकी ४१ त्याचे होते, त्यातलं अगदी कमी मार्जिनचं काम नम्रपणे सोडलं, ३६ वर आलो, आणि बाकीचं वाढवत वाढवत एकूण १६४ पर्यंत नेलं तेव्हा तो २२ टक्क्यांवर आला. साडेतीन वर्षांपैकी बराचसा वेळ इथेच गेला, ह्याला शॉर्टकट नाही. आणि त्याच्याशी बोलणं माझ्याऐवजी दोघांनी करायला सुरुवात केली, मीटिंगला मी आधी सोबत, मग गप्प बसून, मग गैरहजर.

हिशोबाच्या वह्यांकडे येतो. इथे बऱ्याच जणांना राग येईल. माझी गाडी, माझा फोन, घरातल्या दोन-तीन गोष्टी धंद्याच्या खर्चात, एक नातेवाईक पगारावर जो महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. सगळे करतात म्हणून मी पण. विकताना काय होतं की किंमत बहुतेक वेळा ठरते वर्षाचा नफा गुणिले काहीतरी पट अशी. पट ३ असेल तर नफ्यातला प्रत्येक लपलेला १ म्हणजे किमतीतले ३ गेले. हो, असे खर्च परत नफ्यात मिळवून दाखवता येतात, पण सिद्ध करावे लागतात, आणि सिद्ध करताना समोरचा मनात म्हणतो की हे इथे घुसवलंय तर अजून काय काय घुसवलंय. मी तीन वर्षं आधी सगळं वेगळं केलं. नातेवाईकांकडे जाणं-येणं वर्षभर बंद होतं, आता ठीक आहे.

पण हे दोन्ही बाजूंनी चालतं हे मला माहीत नव्हतं. मी स्वतः पगार नावापुरता घ्यायचो, आणि जागा माझीच म्हणून भाडं शून्य. घेणारा म्हणाला, तुमच्या जागी मॅनेजर ठेवला तर त्याला बाजारभावानं पगार द्यावा लागेल, तो वजा. जागेचं भाडं, ते पण वजा. एका बैठकीत माझा नफा असा काही आकसला की मला वाटलं आता मीच काहीतरी देऊन घरी जायचंय. म्हणून सांगतो, आधीच स्वतःला रीतसर पगार लावा, जागा स्वतःची असेल तर भाडेकरार करा, म्हणजे खरा आकडा तुम्हाला आधी कळेल, घेणाऱ्याकडून नको.

आणि नफा म्हणजे कुठला नफा हेही विचारून घ्या. सगळे एबिटडा एबिटडा करतात, म्हणजे व्याज, टॅक्स आणि घसारा वजा करायच्या आधीचा नफा. आमच्याकडे शेवटी दोन ऑफर होत्या, दोघांच्या आकडेमोडीत एबिटडा वेगवेगळा, मला वाटलं कोणीतरी फसवतंय. नंतर आमच्या अकाउंटंटनं उलगडा केला. एकाचे हिशोब आयएफआरएस १६ (भाडेकरार हिशोबात कसे दाखवायचे त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) प्रमाणे होते, ते १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं, त्यात मुदतीच्या भाडेकराराचं भाडं बहुतेक वेळा घसारा आणि व्याज म्हणून दाखवतात, त्यामुळे एबिटडातून ते वजाच होत नाही आणि आकडा फुगलेला दिसतो. मग तो पट कमी लावतो. दुसरा भाडं वजा करून पट जास्त लावतो. गोळाबेरीज जवळपास तीच! नुसती पट ऐकून हुरळून जायचं नाही एवढं शिकलो.

कागदपत्रांचं कंटाळवाणं आहे पण भांडणं इथेच होतात. आमची वेबसाईट ज्या मुलानं बनवली होती, डोमेन त्याच्याच नावावर होतं, नऊ वर्षं. तो भला निघाला म्हणून, नाहीतर... एका मोठ्या काँट्रॅक्टमध्ये कलम होतं की कंपनीची मालकी बदलली तर आधी लेखी परवानगी घ्या, आणि मी ते सही करताना वाचलंच नव्हतं. परवानगी मिळाली पण सहा आठवडे लागले, आणि तेवढा काळ सगळा व्यवहार हवेत. एका जुन्या फ्रीलान्सरनं आमच्यासाठी छोटं ॲप लिहिलं होतं, त्याच्याशी हक्क आमच्याकडे देण्याचा काहीच करार नव्हता, त्याला शोधून काढून कागद करून घेतला. असल्या गोष्टी सवडीनं निस्तरल्या तर दोन फोनचं काम असतं. घेणारा दारात उभा असताना निस्तरायला गेलात तर समोरच्यालाही कळतं की तुम्ही अडलायत.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ते इथे चालत नाही. ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे घेणारा घेण्याआधी कसून तपासणी करतो त्यात, मूठ उघडतातच, एकेक बोट. आमच्यावर एक जुना दावा होता, किरकोळ, मी पहिल्याच मीटिंगला सांगून टाकला. वकील म्हणाले कशाला सांगितलंत. पण नंतर त्यावर एक शब्द निघाला नाही, तो आकडा बाजूला ठेवून पुढे गेलो. हेच तिसऱ्या महिन्यात त्यांना सापडलं असतं तर किंमत खाली ओढायला आयतं निमित्त.

सांगायचं मात्र सगळं सगळ्यांना नाही. घेणारा तुमचाच स्पर्धक असेल तर गुप्ततेचा करार केला तरी कस्टमरची नावं आणि भाव शेवटपर्यंत देऊ नका. आम्ही यादीत कस्टमर १, कस्टमर २ असंच ठेवलं होतं. आणि एकदा का प्राथमिक मसुद्यावर सही करून त्याला एकट्याशीच बोलायचं वचन दिलं, तीन महिने म्हणा, चार म्हणा, की तुमचा जोर निम्मा होतो. दुसरा गिऱ्हाईक थंड झालेला असतो, तुम्ही मनानं धंदा विकून मोकळे झालेले असता, आणि तेव्हाच एकेक कपात सुरू होते. म्हणून मोठे मुद्दे, पैसे कधी मिळणार, किती अडकून राहणार, हे त्या सहीच्या आधीच ठरवून घ्यायचे.

किंमत ठरली म्हणजे तेवढे पैसे हातात येणार हा माझा भाबडा समज होता. मी मनात ठरवलं होतं की शेवटच्या दोन महिन्यांत उधारी सगळी वसूल करायची, सप्लायरचे पैसे जरा थांबवायचे, आणि बँकेत साठलेली रोकड आपली. चलाखी! पण घेणाऱ्यांनी ही चलाखी शंभर वेळा बघितलेली असते. ते मागच्या बारा महिन्यांचं सरासरी खेळतं भांडवल काढतात आणि म्हणतात की ताबा देताना एवढं धंद्यात असलंच पाहिजे, कमी पडलं तर किमतीतून कापू. न्याय्यच आहे, कोणी गाडी विकताना टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं तर आपणही बोलूच.

आगाऊ पैशांवर तर दोन आठवडे खडाजंगी झाली. बघा, कस्टमरनं वर्षाचे १२ भरले, पाचव्या महिन्याअखेर मी धंदा विकला. माझ्या खात्यात १२ आलेत, पण सात महिन्यांचं काम नवीन मालक करणार. तो म्हणाला ७ परत द्या, हे तुमच्यावरचं कर्जच आहे. मी म्हटलं ते काम करायला तुम्हाला खर्च येणार ४, मग ४ धरा, उरलेलं मार्जिन कस्टमर मी आणला म्हणून माझं. मधे कुठेतरी मिटलं. ज्या स्कीमनं माझी कॅशची अडचण सोडवली तीच इथे अंगावर आली, म्हणजे स्कीम वाईट नव्हे, पण त्या पैशांचा हिशोब वेगळा ठेवला असता तर दोन आठवडे वाचले असते.

कंपनीच विकायची की फक्त सामान, नाव आणि काँट्रॅक्टं, हा प्रश्न वकील आणि टॅक्सवाल्यांचा आहे, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, त्यात मी पडत नाही. आमच्या बाबतीत लॅबची मान्यता कंपनीच्या नावावर होती म्हणून कंपनीच विकणं सोयीचं होतं. पण मग कंपनीचं जुनं सगळं पापपुण्यही घेणाऱ्याकडे जातं, म्हणून तो हमी मागतो, आणि किमतीचा काही भाग तिसऱ्याकडे एस्क्रोत ठेवतो. आमचा १० टक्के भाग १८ महिने अडकला. शिवाय १५ टक्के पुढच्या दोन वर्षांत किती काँट्रॅक्टं रिन्यू होतात त्यावर. मी हट्ट धरला की ते मोजायचं रिन्यू झालेल्या काँट्रॅक्टवर, नफ्यावर नाही, कारण नफा कसा दाखवायचा ते आता त्यांच्या हातात. त्यांनी हेड ऑफिसचा खर्च आमच्या माथी मारला की माझा वाटा शून्य. हा एक सल्ला फुकट घ्या.

या सगळ्याला पाच महिने लागले. पाच महिने रोज काहीतरी मागायचे, पाच वर्षांपूर्वीचं हे, त्या मशीनचं ते, आणि त्यातच दर महिन्याची विक्री पण मागायचे, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. त्या काळात धंदा घसरला असता तर किंमतही घसरली असती. नाही घसरला, उलट थोडा वाढला, कारण मी चालवतच नव्हतो, ताई चालवत होत्या. त्यांना मी बऱ्याच आधी विश्वासात घेतलं होतं आणि व्यवहारानंतर दोन वर्षं थांबल्या तर वेगळा बोनस असं लेखी दिलं होतं. बाकीच्यांना ताबा द्यायच्या दिवशी सकाळी सांगितलं. ते बरोबर होतं का, अजून मला कळत नाही. आधी सांगितलं असतं तर अफवा, कस्टमरपर्यंत बातमी, सगळं झालं असतं. पण माझ्या पहिल्या हेल्परनं, तो आता सीनियर टेक्निशियन आहे, त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेलो नाही. म्हणाला, मला तरी सांगायचं होतंत.

फोन बंद ठेवायची परीक्षा आम्ही विक्रीच्या आदल्या वर्षी दिली होती, हे सांगायचं राहिलं. पहिल्यांदा चार दिवस, मग दोन आठवडे, मग पूर्ण महिना. चार दिवसांच्या वेळी परत येऊन बघतो तर सतरा गोष्टी माझ्यासाठी अडून राहिलेल्या. त्या सतरांची यादी केली आणि प्रत्येक कोणाकडे जाईल ते ठरवलं. दोन आठवड्यांच्या वेळी पाच. महिन्याच्या वेळी एक, आणि ती म्हणजे बँकेत माझ्या एकट्याच्या सहीचं एक खातं. आता दुसरी कंपनी आली तेव्हा त्यांनी पण तोच प्रश्न विचारला, फोन बंद ठेवला तर. मी त्या महिन्याचा विक्रीचा आकडा काढून समोर ठेवला.

सध्या महिन्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून जातो, करारात आहे म्हणून. त्याच लाइनमध्ये तीन वर्षं दुसरं काही करायचं नाही असंही करारात आहे. एस्क्रोचे पैसे सुटले, रिन्यूअलचा दुसरा हप्ता यायचाय. परवा सकाळी ताईंचा फोन आला, स्क्रीनवर नाव बघून माझं धस्स झालं आणि खरं सांगायचं तर जरा बरं पण वाटलं, म्हटलं अडलं वाटतं काहीतरी. त्यांना एवढंच विचारायचं होतं की कपाटात माझा जुना लॅबकोट आहे, कपाट नवीन मुलाला द्यायचंय, तर कोट ठेवायचा का टाकायचा.

म्हटलं टाका. मग दुपारी जाऊन घेऊन आलो.